नारायण पेठेत तीन वर्षांसाठी राहायला जावे का?

प्रश्न : रत्नदुर्ग

नमस्कार. मी रत्नागिरीतील एका महाविद्यालयात शिकवते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पीएच.डी. करण्यासाठी मला तीन वर्षांची रजा मंजूर झाली असून जूनपासून आम्ही पुण्यात राहायला येत आहोत. आम्ही म्हणजे मी, आठवीत जाणारी मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. यजमान नोकरीमुळे रत्नागिरीतच राहतील आणि महिन्यातून दोनदा येऊन जातील.

आतापर्यंत दोन घरे पाहिली आहेत. पहिले बाणेरला एका मोठ्या संकुलात आहे. घर हवेशीर आहे, वाहनतळ आहे, पहारेकरी आहेत आणि विद्यापीठही तिथून तुलनेने सोयीचे आहे. दुसरे नारायण पेठेत, केळकर रस्ता आणि नदी यांच्यामधल्या एका बोळात आहे. जुना वाडा पाडून बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक अरुंद गॅलरी एवढाच त्याचा विस्तार आहे. ओळखीच्या बहुतेकांनी बाणेरचे घर घेण्याचा सल्ला दिला आहे, तरीही माझे मन पेठेकडे ओढ घेत आहे आणि त्याचे कारण सासूबाई आहेत. रत्नागिरीत त्या रोज सकाळी एकट्या बाहेर पडतात, देवळात जातात, येताना भाजी घेतात आणि वाटेत दोन ओळखीच्या घरी डोकावतात. दोन वर्षांपूर्वी पुण्यातच एका नातेवाइकांकडे महिनाभर राहिल्या, तेव्हा नवव्या मजल्यावरून त्या उभ्या महिन्यात चार-पाच वेळाच खाली उतरल्या. घरी परतल्यावर त्यांना पूर्वीसारखे बोलते व्हायला बरेच दिवस लागले. ते पुन्हा घडू नये, असे मला मनापासून वाटते.

मात्र माझ्या शंकाही खऱ्या आहेत. नदी इतकी जवळ असताना पुराचा धोका किती समजावा? इमारतीत आणि आजूबाजूला स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी मोठ्या संख्येने राहतात, त्याचा मुलीच्या अभ्यासावर आणि घराच्या शांततेवर काय परिणाम होतो? गणेशोत्सवात वृद्ध माणसाचे कसे होते? पेठेत प्रत्यक्ष राहिलेल्यांनी लिहावे, अशी विनंती आहे. आम्हाला या महिन्याअखेर निर्णय कळवायचा आहे.

उत्तर : मुठाकाठ

माझा जन्म नारायण पेठेतला आणि आता वयाची साठी उलटली आहे, तेव्हा माझ्या लिहिण्यात ममत्व असणारच. तरीही जे सांगतो ते हिशेबाने सांगण्याचा प्रयत्न करतो.

पहिली गोष्ट अशी की पेठ चांगली की वाईट, असे कुणालाही विचारू नका. बोळ कोणता आणि इमारतीचे तोंड कुठे, हे विचारा. केळकर रस्त्यावर तोंड असलेल्या घरात सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत वाहनांचा आवाज थांबत नाही आणि त्याच रस्त्यापासून पन्नास पावले आत असलेल्या घरात दुपारी कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. आपण पाहिलेले घर एकदा संध्याकाळी सात वाजता आणि एकदा सकाळी सहा वाजता पाहून या. दलालाबरोबर सकाळी अकरा वाजता पाहिलेल्या घरावरून पेठेतल्या घराची काहीच कल्पना येत नाही.

पुराविषयी सविस्तर लिहितो, कारण ही शंका नुसत्या धीराच्या शब्दांनी मिटणारी नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही. नारायण, शनिवार, कसबा या नदीलगतच्या पेठांत आणि पलीकडे डेक्कनच्या भागात पाणी शिरले. आमच्या वाड्यात पाणी जिन्याच्या ज्या पायरीपर्यंत चढले, तिथे आजोबांनी भिंतीत एक खिळा ठोकून ठेवला होता आणि लहानपणी उंची मोजायला आम्ही त्याच खिळ्याला पाठ लावून उभे राहत असू. मी सातवीत गेलो तेव्हा खिळा माझ्या डोक्याच्या वीतभर वर होता. पुरात घरे गेलेली अनेक कुटुंबे पुढे सहकारनगर, गोखलेनगर अशा नव्या वसाहतींत गेली आणि पेठांतली कित्येक आडनावे तेव्हापासून तिकडची झाली. ते धरण फुटण्याचे संकट होते. दर पावसाळ्यात येते ते निराळे. खडकवासल्याच्या वरच्या बाजूला पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे आहेत. ती भरत आली की खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडतात, किती क्युसेक सोडले ते जाहीर होते आणि विसर्ग वाढला की प्रथम भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली जातो. त्यापुढे डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीसारख्या सखल वस्तीला धोका पोहोचतो. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले, ते आपण वाचले असेल. तिसऱ्या मजल्यावर आपल्याला या पाण्याची भीती नाही. मात्र इमारतीचे वीजमीटर आणि पाण्याचा पंप तळमजल्यावर किती उंचीला बसवले आहेत, ते अवश्य पाहा, कारण बोळात गुडघाभर पाणी आले तरी वीज बंद करावी लागते आणि मग उद्वाहनही बंद पडते. नदीपात्रात गाडी कधीही उभी करून ठेवू नका. दर दोन-चार वर्षांनी तिथल्या गाड्या वाहून जाताना आम्ही पाहतो.

नदीचा आणखी एक त्रास कुणी सांगत नाही. उन्हाळ्यात पाणी आटते, सांडपाणी तेवढे उरते आणि एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वारा पडला की वास घरात येतो. जलपर्णी साठली की डासही वाढतात. ज्या नदीच्या काठी ओंकारेश्वराचे देऊळ बांधले गेले, जिच्या घाटावर आमच्या आजीने कार्तिकात दिवे सोडले, तिची ही अवस्था बघताना गलबलून येते. आपण खिडक्यांना जाळ्या बसवून घ्या.

आता सासूबाईंविषयी. मोदी गणपती आणि पत्र्या मारुती ही दोन्ही देवळे नारायण पेठेतच आहेत आणि पत्र्या मारुतीच्या परिसरात सकाळी ज्येष्ठ माणसांचा राबता असतो. पुणे मराठी ग्रंथालय पेठेतच आहे. भाजीवाल्यांच्या गाड्या बोळाच्या तोंडाशी येतात, मंडई पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. माझी आई ८६ व्या वर्षापर्यंत रोज बाहेर पडत असे. तिचा एक ठरलेला फेरा होता : मारुती, दूध, वाणी, परत. वाटेत तिने टेकायच्या चार जागाही ठरवून ठेवल्या होत्या. एके दिवशी ती नेहमीच्या वेळी दिसली नाही, म्हणून वाण्याने दुकानातला मुलगा घरी पाठवला. ती न्हाणीघरात घसरून पडली होती आणि घरात दुसरे कुणी नव्हते. त्या मुलाने हाका मारून शेजाऱ्यांना जमवले. मोठ्या संकुलात पहारेकरी असतात, कॅमेरे असतात, ते मला मान्य आहे. पण आज ही बाई का आली नाही, असा प्रश्न पडायला कुणीतरी रोज आपली वाट पाहत असावे लागते.

मुलीच्या शाळेसाठी हुजूरपागा आणि अहिल्यादेवी या मुलींच्या शाळा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. आठवीत प्रवेश जागा असतील त्यावर ठरतो, म्हणून तो अर्ज घराच्या आधी करावा. पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक आहेच.

उत्तर : अभ्यासिकेतला

मी मूळचा लातूर जिल्ह्यातला. राज्यसेवेच्या तयारीसाठी बऱ्याच वर्षांपासून सदाशिव आणि नारायण पेठेत राहतो आहे. विद्यार्थ्यांबद्दलची आपली शंका रास्त आहे, म्हणून आमची बाजू मांडतो.

इथे राहणारे बहुतेक विद्यार्थी मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांतून आलेले असतात. आमचा दिवस अभ्यासिकेत जातो. खोलीत आम्ही झोपण्यापुरते येतो. सकाळी सहाला बाहेर पडायचे, दोन वेळ खानावळीत जेवायचे, रात्री अकराला परतायचे, असा बहुतेकांचा क्रम असतो. त्यामुळे खोलीतून होणारा आवाज आपल्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. आवाज होतो तो चहाच्या टपरीवर आणि खानावळीच्या दारात, रात्री नऊ ते साडेदहा या वेळात. म्हणून आपल्या गॅलरीखाली किंवा समोर खानावळ अथवा टपरी आहे का, एवढे पाहून घ्या. निकाल लागतो त्या रात्री मात्र गुलाल आणि फटाके असतात, ते मान्य करतो.

इमारत बघायला जाल तेव्हा प्रत्येक दाराबाहेरच्या चपला मोजा. दोन खोल्यांच्या घराबाहेर चपलांचे आठ-दहा जोड दिसले, तर ते घर कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका खाटेचे भाडे घेऊन दिलेले आहे, असे समजावे. अशी घरे इमारतीत दोन-तीनपेक्षा जास्त असतील, तर टाकीतले पाणी सकाळी नऊच्या आत संपते. त्यातच गुरुवारी दुरुस्तीसाठी शहराचा पाणीपुरवठा अधूनमधून बंद असतो आणि शुक्रवारी पाणी उशिरा, कमी दाबाने येते. मी पूर्वी एका घरात राहत होतो, तिथे मालकाने दोन खोल्यांत अकरा जणांना ठेवले होते आणि पाण्याची तक्रार केली की खोली रिकामी करण्याची ताकीद मिळत असे. आताच्या इमारतीत माझ्या खालच्या मजल्यावर एक काकू एकट्या राहतात. गुरुवारी पाणी बंद असल्याचे वाचले की आदल्या रात्री त्या आमच्या दोन कळश्या त्यांच्या घरी भरून ठेवतात आणि त्यांचा गॅस नोंदवणे, विजेचे बिल भरणे, औषधे आणणे ही कामे मी करतो. कुणी कुणावर उपकार करतो, असे आम्हा दोघांनाही वाटत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत आम्ही सगळे गावी परतलो, तेव्हा खानावळी आणि अभ्यासिका ओस पडल्या होत्या. त्या काळात पेठेत किती शांत वाटत होते, असे काही जण म्हणतात. त्या काकूंना ती शांतता अजिबात सोसली नव्हती, असे त्या मला पुष्कळदा सांगतात. आपल्या मुलीला गणित किंवा विज्ञानात अडचण आली, तर मजल्यावरच्या कुणालाही विचारा. शिकवायला आम्हाला आनंद वाटेल.

उत्तर : वास्तुरचना

मी स्थापत्य अभियंता आहे आणि पेठेतच राहते. वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. कागदपत्रे आणि बांधकाम यांविषयी काही गोष्टी राहून गेल्या आहेत, त्या लिहिते.

इमारतीचे भोगवटापत्र, म्हणजे ती वापरायला महापालिकेने दिलेली परवानगी, मिळाले आहे का, हे मालकांना स्पष्ट विचारा. नदीलगतच्या बांधकामांसाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी निळी रेषा दाखवते आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम सहसा करता येत नाही, दोन रेषांमध्ये अटी पाळून करता येते. भाडेकरू हे सहसा विचारत नाहीत, पण विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

उद्वाहन आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. वीज गेल्यावर ते चालवण्याची सोय आहे का, त्यात खुर्ची किंवा स्ट्रेचर मावते का आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे का, हे स्वतः चढून पाहा. वाड्याच्या लहान जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतींत जिना फार अरुंद असतो आणि पायऱ्यांची उंची सारखी नसते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांना एकेक सेंटिमीटर कळतो.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शेजारचा आहे. आपल्या इमारतीला लागून जुना वाडा उभा असेल, तर त्याचे काय चालले आहे, याची चौकशी करा. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. मालक आणि जुने भाडेकरू यांचे वाद वर्षानुवर्षे चालतात आणि एके दिवशी तोडगा निघाला की पाडकाम सुरू होते. माझ्या घराशेजारचा वाडा असाच पाडला गेला. विकासकाने सहा महिने सांगितले होते, प्रत्यक्षात अडीच वर्षे ब्रेकर, सिमेंट आणि धूळ यांत गेली. बाल्कनीचे दार उघडता येत नव्हते आणि मुलाचा दमा बळावला. त्या वाड्याची सागवानी खांबांची ओसरी ट्रकमध्ये चढवताना मी गॅलरीतून पाहिली. व्यवसायाने मी बांधकामातली असूनही त्या दिवशी जेवण गेले नाही.

करार लिव्ह अँड लायसन्सचाच करा आणि त्याची नोंदणी झालीच पाहिजे, असा आग्रह धरा. महाराष्ट्रात ती बंधनकारक आहे आणि आता घरबसल्या करता येते. आपल्याला तीन वर्षे राहायचे आहे, तेव्हा अकरा महिन्यांचा करार तीनदा करण्यापेक्षा छत्तीस महिन्यांचा एकच करार करावा, त्यात दरवर्षीची भाडेवाढ आधीच लिहून घ्यावी आणि शेजारी पाडकाम सुरू झाल्यास एका महिन्याच्या सूचनेवर घर सोडून पूर्ण अनामत परत मिळेल, असे कलम घालावे. हे कलम मालक मान्य करतात की नाही, यावरून शेजारच्या वाड्याची खरी स्थिती कळते.

गाडी आणणार असाल, तर आताच विचार करा. पेठेतल्या रस्त्यांवर सम आणि विषम तारखांप्रमाणे गाड्या उभ्या करण्याची बाजू बदलते आणि जागा कोणत्याच बाजूला नसते. आपल्या घरापासून झेड पूल ओलांडून डेक्कनला पायी दहा मिनिटांत पोहोचता येते. विद्यापीठाच्या बाजूला जाणाऱ्या पीएमपीच्या बस तिथून मिळतात. मेट्रोचे डेक्कन जिमखाना स्थानकही तिथेच, नदीच्या काठावर आहे. रेल्वे स्थानकावर जायला यजमानांना ते सोयीचे पडेल. गणेशखिंड रस्त्यावरची गर्दी लक्षात घेऊन विद्यापीठात सकाळी लवकर पोहोचण्याची सवय ठेवावी.

उत्तर : बेलबाग

गणेशोत्सवाबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. माझे वडील ८१ वर्षांचे आहेत आणि आम्ही केळकर रस्त्यालगत राहतो.

आपल्याला त्रास उत्सवाच्या दहा दिवसांआधीच सुरू होईल. ढोल-ताशा पथकांचा सराव नदीपात्रात होतो आणि आधीचे दीड-दोन महिने तो रोज संध्याकाळी चालतो. नदीकडे तोंड असलेल्या घरात ताटे हलल्याचे जाणवते. वडील त्या वेळी आतल्या खोलीत बसतात. अभ्यासाची वेळ पहाटेची ठेवली, तर मुलीला अडचण येणार नाही.

विसर्जनाची मिरवणूक लक्ष्मी, कुमठेकर, टिळक आणि केळकर या चारही रस्त्यांवरून जाते आणि सकाळी सुरू झालेली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, कधी त्याहूनही उशिरापर्यंत चालते. बोळांची तोंडे बांबूंनी बंद केलेली असतात. तीन वर्षांपूर्वी त्या रात्री वडिलांच्या छातीत दुखू लागले. रुग्णवाहिका आत येणे शक्य नव्हते. खालच्या मंडळाच्या मुलांनी ढोल थांबवले, बांबू उपसले, वडिलांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलले आणि पुलापलीकडे उभ्या असलेल्या गाडीपर्यंत पोहोचवले. मी पुढे होते. गर्दी दुभंगत गेली आणि खुर्ची कुठेही खाली टेकवावी लागली नाही. वडील वाचले. तेव्हापासून दरवर्षी चतुर्थीच्या आधी मी मंडळाच्या कार्यकर्त्यांना भेटून आमच्या घरात आजारी माणूस आहे, हे सांगून येते आणि विसर्जनाच्या आदल्या दिवशी गाडी नदीपलीकडे लावून ठेवते. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा गंभीर त्रास असेल, तर ते दोन दिवस सासूबाईंना दुसरीकडे न्यावे, हे उत्तम.

प्रश्नकर्तीचे उत्तर : रत्नदुर्ग

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी सासूबाईंना घेऊन आम्ही पुण्यात गेलो आणि सांगितल्याप्रमाणे संध्याकाळी सात आणि सकाळी सहा अशा दोन्ही वेळा ते घर पाहिले.

दाराबाहेरच्या चपला मोजल्या. पहिल्या मजल्यावर एका घराबाहेर नऊ जोड होते, बाकी सर्व घरांत कुटुंबे आहेत. गॅलरीखाली टपरी नाही. वीजमीटर जमिनीपासून माझ्या खांद्याच्या उंचीवर आहेत, पंप मात्र अगदी खाली आहे. शेजारच्या वाड्याविषयीचे कलम काढताच मालक बराच वेळ गप्प राहिले आणि मग, पुढच्या वर्षी तिथे काम सुरू होण्याची शक्यता आहे, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. हा प्रश्न सुचवला नसता, तर आम्ही शनिवारीच करार करून बसलो असतो.

निघताना मालकांनीच आणखी एक घर सुचवले. ते दोन बोळ अलीकडे, नदीपासून जरा दूर, पहिल्या मजल्यावर आहे. खोल्या लहान आहेत आणि उजेडही कमी आहे. दोन्ही बाजूंना नव्या इमारती झालेल्या आहेत, त्यामुळे पाडकामाचा प्रश्न येत नाही. जिन्याला एकाच बाजूने कठडा आहे. दुसऱ्या बाजूने बसवून द्यायला ते तयार आहेत आणि तसे करारात लिहिले जाईल. शाळेचा अर्ज सोमवारी भरला.

रविवारी सकाळी सासूबाईंनी पत्र्या मारुतीचे दर्शन घेतले आणि मला तिथेच थांबायला सांगून त्या एकट्या नव्या घरापर्यंत गेल्या. मी मागून येत होते. वाटेत त्या एका दुकानाच्या पायरीवर टेकल्या, तिथल्या बाईंशी काही बोलल्या आणि घराच्या दारात पोहोचल्यावर मला म्हणाल्या, "बावीस मिनिटे लागली, त्यातली दहा बोलण्यात गेली." त्या बाईंचे माहेर संगमेश्वरचे असल्याचे त्यांना तेवढ्यात कळलेही होते.

एक जूनपासून घर ताब्यात मिळेल. जाळ्या बसवणारा पेठेतला एखादा माहीतगार माणूस असेल, तर कृपया कळवावे. पाऊस सुरू होण्यापूर्वी ते काम उरकायचे आहे.